दुधीच्या शेवया

पात्याच्या दोन दातांमध्ये गाजराचा एक तंतू अडकून बसला होता — केसाएवढा, पण केशरी, म्हणून नजरेत येणारा — आणि महानंदा मोरीवरच्या खिडकीच्या उजेडात शेवया काढायचं ते मशीन तिरकं धरून त्याच्याकडं चोर सापडल्यासारखी बघत होती. हाच का तो? एवढासा? … दुधीच्या शेवया नुसत्या केल्या तर पांढऱ्याफटक दिसतात, बघूनच भूक मरते, म्हणून रंगाला ती रोज एक गाजर त्यात फिरवायची. आणि गाजर गोड असतं हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. मग तिला कसं कळलं नाही? मॅट्रिकपर्यंत शिकलेली बाई! काल लातूरच्या डॉक्टरनं नवऱ्याची तीन महिन्यांची साखर वाचून दाखवली तेव्हापासून हे गाजर तिच्या डोक्यातून जात नव्हतं, आणि तरी आज सकाळी हातानं सवयीनं ते उचललंच, अर्धं फिरवलंही, मग एकदम आठवण होऊन तिनं सगळा केशरी गुंता वेचून बाजूला काढला. डब्यात आज नुसता दुधी गेला. शेंगदाण्याचं कूटसुद्धा तिनं घातलं नव्हतं. मीठ आणि लिंबू, बस्स.

दातांच्या मागच्या बाजूनं जुना ब्रश घालून तिनं तो तंतू उडवला. पुढून घालायचा नाही. पहिल्याच आठवड्यात अंगठ्याजवळची कातडी गेली तेव्हा ते कळलं. वापरलं की लगेच धुवायचं, कारण दुधीचा चीक वाळला की नखानंही निघत नाही. कढत पाणी नको, प्लॅस्टिकला चिरा जातात. गाजराचा डाग पाण्याला दाद देत नाही, त्याला करडईचं तेल बोटावर घेऊन चोळावं लागतं. मग फडक्यानं टिपून, मुठीच्या स्क्रूला तेलाचा थेंब देऊन, सावलीत उपडं ठेवायचं… लग्नात आईनं दिलेल्या विळीचे एवढे लाड तिनं जन्मात केले नव्हते. विळी बिचारी धारवाल्याकडं जायची आणि परत येऊन कामाला लागायची. ह्या पात्याला म्हणे धार लावताच येत नाही. बोथट झालं की फेकायचं आणि दुसरं मागवायचं. ते ऐकून महानंदाला पहिल्या दिवशी हसू आलं होतं. बोथट झालं की फेकायचं — मग ह्या घरात माझी पाळी कधीच यायला पाहिजे होती की!

“घरी काय खायला घालता यांना?” डॉक्टरनं विचारलं होतं. विचारलं नवऱ्याबद्दल, बघितलं तिच्याकडं. शंभुलिंगच्या उजव्या पायाच्या अंगठ्याशेजारचं बोट दिव्याखाली उघडं पडलं होतं. चप्पल चावल्याचं निमित्त झालं आणि दिवाळीपासून ते भरायलाच तयार नव्हतं, उलट कडेनं काळवंडत चाललं होतं. ती म्हणाली, दुधीच्या शेवया. भाताच्या जागी, भाकरीच्या जागी, दुपारला तेच, आणि रात्री ताकातलं पातळ काहीतरी. डॉक्टर हसला. “मग ही साखर आभाळातनं पडली का, मावशी?” … आणि नवरा? खत-बियाण्याच्या दुकानात गिऱ्हाइकाला तासभर पटवून देणारा हा माणूस तिथं भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसला. निदान म्हणायचं तरी की बाई करते हो माझं, सकाळपासून मशीन फिरवत असते. नाही. पुढच्या वेळेलाही साखर अशीच निघाली तर बोट ठेवता येणार नाही, आणि बोटावरच थांबेल अशी हमी देत नाही, असं डॉक्टरनं सांगितलं. शिंप्यानं बाही कुठवर कापायची ते सांगावं इतक्या सहज. घरी पोचते न पोचते तोच पुण्याहून लेकीचा, शिवप्रियाचा फोन. “अव्वा, तू कूट किती घालतेस गं त्यात? खरं सांग.”

खरं सांग! म्हणजे लेकीच्याही मनात तेच. बोट गेलं तर माकणी गावात कोण म्हणणार आहे की शंभुलिंगचं बोट साखरेनं खाल्लं? बायकोनं घालवलं म्हणतील. बाया पाण्याला आल्या की म्हणतील, घरात बसून काय करत होती गं ती? … आणि ती दिवसभर हेच तर करत होती. ह्याशिवाय काही म्हणजे काही करत नव्हती.

मशीनसुद्धा काही पहिल्या फटक्यात गावलेलं नव्हतं. आधी शिवप्रियानं जे पाठवलं ते पेन्सिलीला टोक काढायच्या शार्पनरसारखं — त्यात दुधी खुपसून हातानं पिळायचा. आपला इकडचा दुधी मांडीएवढा, तो त्यात जातोय कशाला? काकडी जायची, पण काकडीचं पाणी पाणी व्हायचं, आणि महानंदाचं मनगट संध्याकाळी पोळपाटावर टेकवत नसे. मग लेक म्हणाली, विजेवरचं घे. वीज! इथं लाइट असते कधी, आणि ज्याच्या पोटात मोटर आहे ते धुवायचं कसं? चीक आत राहिला की त्याला वास मारणार. महानंदानं फोनवर बायकांची व्हिडिओ बघ बघ बघितली — गुळगुळीत ओट्यावर उभ्या राहून हसत हसत शेवया काढणाऱ्या त्या बायका, एकीच्याही केसाला घाम नाही — आणि शेवटी स्वतः ठरवलं की आपल्याला मुठीचं पाहिजे, आडवं, एका बाजूला काटे आणि दुसऱ्या बाजूला पातं असलेलं, बुडाला रबर असलेलं. ते आलं, आणि ओट्याला चिकटेचना! त्या व्हिडिओतल्या कुणीच सांगितलं नव्हतं की शहाबादी फरशीला हे रबर धरत नाही. मूठ फिरवली की सगळं मशीन अंगावर धावून यायचं. पंधरवडाभर ती एका हातानं मशीन दाबून, पोटानं ओट्याला रेटा देऊन शेवया काढत होती, मग गावात बांधकाम चाललेल्या मिस्त्रीकडून ग्रॅनाइटचा एक तुकडा मागून आणला. त्यावर रबर असं बसलं की उचलताना ग्रॅनाइटही सोबत उचललं जाई. त्या दिवशी ती एकटीच स्वयंपाकघरात मोठ्यांदा म्हणाली होती, “आता बोल!”

आता तिला हे मशीन अंगातलं वाटायचं. दुधी कोवळा पाहिजे पण लुळा नको, सरळ पाहिजे, दोन्ही टोकं सपाट कापली नाहीत तर काट्यांवर डुगडुगतो. मूठ दाबायची नाही, नुसती फिरवायची, म्हणजे शेवई न तुटता बाहेर पडते, लांबच लांब. आणि मधून एक दांडा उरतो. पात्याला जो खाता येत नाही तो दुधीचा मधला, बियांचा दांडा. तो ती स्वतःच्या कालवणात टाकायची. शेवया त्याच्या डब्यात, दांडा माझ्या ताटात… ह्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. उलट वाटत असेल तर बरंच वाटत होतं.

कारण — हे कुणाला सांगायचं नव्हतं, स्वतःलाही सरळ सांगायचं नव्हतं — ह्या साखरेच्या दुखण्यात तिला कुठंतरी सुख झालं होतं. लग्न होऊन ती ह्या घरात आली ती शांताक्काच्या हाताखाली. शांताक्का म्हणजे शंभुलिंगची थोरली बहीण, कानडी मुलखात, आळंदला दिलेली, ऐन तारुण्यात कुंकू पुसून माहेरी परत आलेली. भाऊ तिच्या हातची भाकरी खाऊनच वाढलेला. महानंदाची भाकरी जाड. महानंदाच्या आमटीला येसराचा मसाला जास्त. महानंदाचं उडदाचं घुटं गिळगिळीत. कधी रागावून नाही हं, शंभुलिंगला रागावणं माहीत नाही, नुसता घास तोंडात घोळवायचा आणि हळूच म्हणायचा, “अक्का ह्यात काय घालती गं?” … तीस-पस्तीस वर्षं. भूकंपानंतर नव्या गावठाणात घरं मिळाली, अक्काला स्टँडकडच्या ओळीत वेगळं घर मिळालं, तेव्हा महानंदाला वाटलं आता तरी सुटले. कसली सुटतेय! अक्का ताटातून गेली, तोंडातून गेली नाही. आणि मग ही साखर आली, आणि डॉक्टर पहिल्या भेटीत त्याला म्हणाला, “आता आयुष्यभर बायको देईल तेवढंच खायचं.” आयुष्यभर. बायको देईल तेवढंच. ते वाक्य महानंदानं घरी आणून मनाच्या तळाशी जपून ठेवलं होतं. मूठ फिरवताना, पांढरी शेवई परातीत पडताना, ती कधी कधी ते काढून बघायची. म्हण आता, अक्का काय घालती म्हणून. म्हण की!

आणि त्यानं म्हटलं नाही. चार महिन्यांत एक शब्द नाही. सकाळी डबा घेऊन तो दुकानात जायचा, संध्याकाळी डबा परत यायचा तो लख्ख. त्यांच्यात अन्न टाकत नाहीत. गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय घास नाही, आणि त्याला दाखवलेलं अन्न म्हणजे प्रसाद. शीत सांडायचं नाही, आणि जेवण झालं की ताटात पाणी घालून, बोटानं निपटून, ते पाणीसुद्धा पिऊन टाकायचं. शंभुलिंग डब्याचंही तसंच करायचा. झाकण उघडलं की आत नुसती चकाकी. त्या चकाकीत महानंदाला तिच्या सगळ्या प्रश्नांचं उत्तर मिळायचं. खातो. सगळं खातो. बोलत नाही, पण खातो! तिला आणखी कुठला पुरावा पाहिजे होता?

मशीन उपडं ठेवून ती वळली आणि देवघराच्या फळीवर तिला गोळीचं पाकीट दिसलं. दुपारची गोळी, जेवणाआधीची. विसरला. आजच, कालच एवढं ऐकून घेतल्यावर! “ह्या माणसाला करावं तरी काय,” ती म्हणाली आणि पदराला हात पुसत, चपला घालत बाहेरसुद्धा पडली. तिचं स्वतःचं जेवण राहिलं होतं. धरणाच्या बाजूनं गार वारा येत होता, पण ऊन डोक्यावर आलेलं, नव्या गावठाणातल्या सगळ्या सारख्या घरांच्या सारख्या सावल्या पायाशी गोळा झालेल्या. ती भरभर चालत होती आणि मनात हिशेब लावत होती की गाजर बंद, कूट बंद, उद्यापासून लिंबूसुद्धा अर्धंच… लिंबानं काय होतंय? काही होत नसेल. पण बंद करायला काहीतरी पाहिजे होतं.

दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. शेजारच्या टपरीत बलभीम टेलर पोलक्याला बाही लावत बसला होता.

“वैनी, अण्णा जेवाया गेलेत की.”

“कुठं?”

“कुठं म्हंजे? अक्काकडं. रोजचंच हाय की त्यांचं.” मग त्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं आणि त्याचा पाय मशीनच्या पायट्यावर थांबला. “म्हंजे… बसा की जरा, येतीलच…” आणि मान खाली घालून त्यानं मशीन नको इतक्या जोरात चालवायला घेतलं.

रोजचंच… ती स्टँडकडच्या ओळीकडं वळली. पाय चालत होते. बरं, बहिणीकडं बसून डबा खात असेल, त्यात काय एवढं, दुकानात माशा असतात, खताचा वास असतो, कुणाला जेवण जाईल तिथं? डबा तर माझाच आहे. डबा माझाच आहे, असं ती दोनदा तरी मनाशी म्हणाली. पण बलभीमच्या टपरीत बसलेलं एक गिऱ्हाईक तिच्याकडं बघून हळूच नजर फिरवतं ते कशासाठी, हे न कळण्याइतकी ती भोळी नव्हती. आपल्याखेरीज सगळ्या गावाला काहीतरी माहीत आहे, एवढं तिला कळलं होतं. काय, ते अजून कळायचं होतं.

शांताक्काचं दार उघडंच होतं, नुसता पडदा सोडलेला. पडद्याच्या कडेतून आधी तिला डबा दिसला. तो अक्काच्या मांडीत होता. पाय पसरून, भिंतीला टेकून बसलेली म्हातारी डब्यातून एकेक शेवई बोटांनी वर उचलत होती, डोकं मागं टाकून तोंडात सोडत होती, आणि बोळक्यानं हळूहळू चघळत होती. समोर पाटावर शंभुलिंग. त्याच्या ताटात पातळ, पापुद्रा सुटलेली भाकरी, वर गूळ आणि तूप — तूप असं की गुळाच्या कडेनं ओघळून भाकरीत मुरत होतं — आणि तो खात होता. महानंदानं ह्या माणसाला असं खाताना कधी बघितलंच नव्हतं. घरी तो जेवायचा. इथं तो खात होता, खांदे सैल सोडून, डोळे अर्धे मिटून.

“आज ह्यात कूट न्हाय रे, शंभू,” अक्का म्हणाली. “परवाच्याला लई बेस हुतं.”

“खा गं गुमान. लई झापलंय तिला डॉक्टरनं काल.”

“तिला? खातूस तू, आन् झापायचं तिला?” चघळणं थांबलं. “सांगून टाक की रे एकदाचं. ह्यो गूळ मलाबी द्याया नगं वाटतोय आता.”

शंभुलिंगनं गुळाला भाकरी लावली. “नगं. त्या मशिनीवर तिचा दिस जातोय. फिरवू दे की. तेवढाच जीव रमतोय बाईचा.”

…जीव रमतोय! हातातलं पाकीट चुरगळतंय हे तिला आवाजावरून कळलं. शिवी दिली असती तरी चाललं असतं. तुझ्या हातचं गवत मला जात नाही म्हणाला असता तर तिनं आत शिरून तो गूळ त्याच्या अंगावर फेकला असता, गाव गोळा केला असता. पण हा दया करत होता. लहान पोराच्या हातात लाटणं द्यावं आणि लाट बाई म्हणावं, तसं ह्यानं तिला ते मशीन फिरवू दिलं होतं, चार महिने, काल डॉक्टरपुढं ती शरमेनं हातभर खाली जात होती तेव्हासुद्धा. आणि पाप लागू नये म्हणून तिच्या अन्नासाठी तोंडही शोधून ठेवलं होतं! एक शेवई वाया गेली नव्हती. डबा धुऊन पाणी प्यायलं जात होतं. कोण प्यायलं एवढंच तिनं विचारलं नव्हतं.

परत फिरावं असं तिला वाटलं. पण पडदा तिच्या हातानं बाजूला झाला होता.

“बा, बा महानंदा,” अक्का म्हणाली. घाबरली की म्हातारीच्या तोंडी कानडी यायची. “बा… ये, बस. बस की.”

शंभुलिंगचा हात ताटावर तसाच राहिला. वर बघितलं नाही त्यानं. गुळाचं बोट आधी चाटावं की लपवावं हे त्याला ठरवता येत नव्हतं.

“गोळी इसरली हुती,” महानंदा म्हणाली आणि पाकीट त्याच्या पाटाजवळ ठेवलं. “जेवायच्या आधीची हाय.”

मग अक्काच बोलायला लागली, भरभर, डबा दोन्ही हातांनी धरून. “म्याच म्हणलं त्याला, टाकायचं न्हाय, देवाला दावलेलं हाय. चूक माझीच म्हण. म्हातारपणी कुणीतरी समोर बसून जेवतंय म्हणून म्या बी… पर खरं सांगू का तुला? मला दात न्हाईत. भाकरी कुस्करून कुस्करून इटले म्या. तुजं हे मऊ लागतंय. लई ग्वाड करतीस गं. तुज्या हाताला चव हाय, म्या ह्याला रोज म्हणती. इचार ह्याला.” आणि जरा थांबून, लाजून, लहान पोरीनं मागावं तसं तिनं विचारलं, “त्या मशिनीतनं आणखी बारीक न्हाय का गं निघत? हिरडीत अडकतंय कुठंकुठं.”

“निघतंय,” महानंदा म्हणाली. “बारीक पातं येगळं हाय.”

ती बोलली, आणि बोलताना तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या. संतापानं नाही. हेच तर तिला सहन होईना. तुज्या हाताला चव हाय — एवढं ऐकायला तिनं उभं आयुष्य चुलीपुढं काढलं, आणि ते आलं कुठून, तर ह्या बोळक्यातून, जिच्या नावानं रोज कडाकडा बोटं मोडली तिच्यातून. आणि आलं तर आपलं मन निर्लज्जासारखं खूश झालं? थू! ती उठली. बसलीच नव्हती हे उठल्यावर तिच्या लक्षात आलं.

घरी येऊन तिनं आधी फोन उचलला. शिवप्रियाला सांगायचं. डॉक्टरलाही सांगायचं — डॉक्टर, ऐका, आभाळातनं नाही पडली, अक्काच्या गुळातनं पडली. एका फोनात ती सगळ्यांतून सुटणार होती. ना गाजर, ना कूट, ना तिची अक्कल. लेकीचं नाव पडद्यावर आलं, आणि तिचा अंगठा थांबला… आणि मग लेक विचारेल, अप्पा असं का करतात गं अव्वा? तर काय सांगू? की तुझ्या बापाला पायाचं बोट गेलेलं चालतं, पण माझ्या हातचा घास चालत नाही? हे तोंडानं म्हणू? जावयाच्या घरात, स्पीकरवर? त्यापेक्षा कूट जास्त घालते म्हटलेलं बरं. त्यात निदान चुकणारी मी आहे. ह्यात तर मी कुठंच नाही.

फोन तिनं ठेवून दिला. दांड्याचं कालवण गार झालं होतं, त्यावर साय धरली होती. तिनं भाकरी मोडली, एक घास घेतला, आणि मग तिला आठवलं की शेवया तिनं स्वतः एकदाही खाल्लेल्या नाहीत. चाखल्यासुद्धा नाहीत, देवाला दाखवायच्या आधी चाखायचं कसं? चार महिने. मला काय माहीत कशा लागतात? लागत असतील गवतासारख्या. तिला आठवत राहिलं की मूठ फिरवताना आपल्याला त्याच्या बोटाची आठवण फार वेळा झालेली नाही. आठवायचं ते वेगळंच… आयुष्यभर, बायको देईल तेवढंच. मग मी तरी त्याला काय घालत होते? अन्न, की शिक्षा? आणि त्याला ते जिभेवर कळलं असेल का? … ती दुपारभर तशीच बसली होती. राग यायचा, यायचा आणि मध्येच वाट चुकल्यासारखा थांबायचा.

दिवेलागणीला तो आला. डबा त्यानं नेहमीच्या जागी ठेवला, धुतलेला. पाय धुतले, पूजा केली, आणि खुर्चीवर बसून रोजच्यासारखा उजवा पाय स्टुलावर टाकला, कारण पट्टी रोज तीच बदलायची. ती खाली बसली. जुनी पट्टी सोडली. बोट कालच्यापेक्षा बरं नव्हतं. कडेची काळी रेघ नखाकडं सरकल्यासारखी वाटली, किंवा दिव्याचा उजेड तसा पडला असेल. औषधाच्या पाण्यात कापूस बुडवून तिनं कडेकडेनं पुसायला घेतलं. त्यानं पाय आखडला नाही. त्याला तिथं काही जाणवतच नव्हतं.

“उद्यापासनं न्हाय जात म्या,” शंभुलिंग म्हणाला.

तिनं कापूस पिळला.

“ऐकलीस का? तू देशील ते खातो. घरीच येतो दुपारला. तुज्यापुढं बसून खातो, बघ.”

हेच. हेच तर पाहिजे होतं तिला! तुज्यापुढं बसून खातो. बोट वाचेल, साखर उतरेल, डॉक्टर मान डोलावेल, लेक म्हणेल अव्वा तू ग्रेट आहेस. महानंदा वाट बघत राहिली, की आता छातीत काहीतरी हलेल, आता रडू तरी येईल, निदान दोन शब्द सुनवावेसे वाटतील. काही येत नव्हतं. डोळ्यांपुढं आला तो मान मागं टाकून बसलेला अक्काचा गळा आणि त्यात हळूहळू उतरणारी पांढरी शेवई.

“जावा की,” ती म्हणाली. आवाज रोजचाच होता. “अक्का वाट बघतील. त्यांना उद्या बारीक करून द्यायचं कबूल केलंय म्या.”

“आन् मी?”

“तुमचं काय? तुमाला तिथं भाकरी हाय की.”

त्यानं तिच्याकडं बघितलं. कितीतरी दिवसांनी असं सरळ, उत्तर शोधत, थोडं घाबरून. तिनं नवी पट्टी गुंडाळली, घट्ट नाही, सैल नाही, कडेला चिकटपट्टी लावली आणि त्याचा पाय स्टुलावर नीट ठेवून दिला. आपण काय बोललो ते तिला पुरतं कळलं होतं. तोंडातून सुटलेला शब्द नव्हता तो. अजूनही परत घेता येईल, नुसतं ‘या घरी’ म्हटलं की झालं, दोन शब्द… वाटी आणि मळका कापूस घेऊन ती मोरीकडं गेली आणि नळाखाली हात धरून उभी राहिली. म्हातारीला कूट आवडतं, उद्या जरा सढळ घालावं, तिच्या मनात आलं. त्या बोटाची भीती, दिवाळीपासून पोटात घर करून बसलेली, ती नेमकी कुठं गेली ते महानंदा शोधत होती. आणि शोधता शोधता तिला वाटून गेलं की सापडली नाही तर बरं.